‘सॉरी’चा अर्थ, उगम आणि वापर: दुखण्यापासून माफीपर्यंत

आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे वडील गेले. दिवसकार्य उरकून तो कामावर आला, त्या दिवशी लंडनच्या टीमबरोबरचा नेहमीचा कॉल होता. तिकडची मॅनेजर सुरुवातीलाच हळू आवाजात म्हणाली, “आय ॲम सो सॉरी.” हा गडबडला. म्हणाला, “नो नो, इट्स ओके, नॉट युअर मिस्टेक.” पलीकडे दोन सेकंद कुणीच बोललं नाही. मग तिनेच कामाचा विषय काढला. कॉल संपल्यावर चहाच्या मशीनपाशी त्याने मला विचारलं, “अरे, पण ती सॉरी कशाबद्दल म्हणत होती?”

त्याचं इंग्रजी कच्चं नाही, माझ्यापेक्षा बरं आहे. घोटाळा झाला तो मराठीतल्या ‘सॉरी’मुळे. हा शब्द आपण इतका आपलासा केलाय की धक्का लागला तर सॉरी, उशीर झाला तर सॉरी, भांडण मिटवायचं तर “बरं बाबा, सॉरी”. पण उचलताना त्याचा अर्धाच अर्थ आपण उचलला: चुकलं, माफ कर. दुसरा अर्धा, जो खरं तर आधीचा आहे, तो तिकडेच राहिला. इंग्रजी बोलताना आणि लिहिताना या शब्दावर आपण जिथे जिथे अडखळतो, त्यातल्या बहुतेक जागा या राहिलेल्या अर्ध्याच्या आहेत. म्हणून एकेक पायरी घेऊन बघू.

पायरी १: अर्थ पकडायची सोपी कसोटी

सॉरी हे विशेषण आहे. ‘आय ॲम हॅपी’, ‘आय ॲम टायर्ड’ यांच्याच रांगेत ‘आय ॲम सॉरी’ बसतं. म्हणजे बोलणारा आपल्या मनाची अवस्था सांगतोय, एवढंच. माफी मागितल्याचं त्या तीन शब्दांत कुठेही नाही. ती ऐकणारा प्रसंगावरून समजून घेतो.

मराठीत याला जवळचं काय? ‘माफ करा’ नव्हे. ‘वाईट वाटतंय’. हा आपला वाक्प्रचार दोन्हीकडे चालतो, हीच त्यातली गंमत आहे. “तुझे बाबा गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं” यात माझी चूक काहीच नाही. “काल तुझ्यावर ओरडलो, नंतर वाईट वाटलं” यात चूक सगळी माझीच. तरी शब्द तेच. इंग्रजीतलं सॉरी अगदी असंच वागतं.

तेव्हा कुणी सॉरी म्हटलं आणि अर्थ लागला नाही, तर मनातल्या मनात ‘वाईट वाटतंय’ घालून बघायचं. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला शिक्षिका ‘आय ॲम सॉरी’ म्हणते, पाऊस पडून सहल रद्द झाली म्हणून मैत्रीण म्हणते, डॉक्टर वाईट रिपोर्ट हातात देताना म्हणतात. तिन्ही ठिकाणी अर्थ बिनचूक लागतो, आणि डॉक्टरांनी काही चुकवलंय की काय अशी शंकाही येत नाही.

कसोटी दोन जागी चालत नाही. एक, ऐकू आलं नाही म्हणून आवाज चढवून विचारलेलं “सॉरी?” ते आपलं ‘काय म्हणालात?’. दुसरी, बोलता बोलता जीभ घसरली की केलेली दुरुस्ती: “मंगळवारी, सॉरी, बुधवारी.” तिथे मराठीत आपण ‘नाही नाही’ म्हणतो. आता तिथेही सॉरीच म्हणतो, ते सोडा.

पायरी २: उगम, म्हणजे घसादुखीशी नातं

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘सोअर थ्रोट’ वाचलं असेल. त्यातला ‘सोअर’, म्हणजे दुखरा, आणि सॉरी हे सख्खे आहेत. जुन्या इंग्रजीत ‘सार’ म्हणजे दुखणं, वेदना, आणि ‘सारिग’ म्हणजे दुखण्याने भरलेला, व्यथित. त्या ‘सारिग’चं घासत घासत सॉरी झालं. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजाने हा शब्द वापरला, तर त्याला एवढंच म्हणायचं असे की मनात दुखतंय. कुणाकडे काही मागायचं नसे.

मग ‘सॉरो’ म्हणजे दुःख, त्याचं काय? दिसायला जुळी भावंडं, पण मूळ वेगळं. सॉरो आला जुन्या ‘सोर्ग’ या शब्दापासून. अर्थ जवळचे, उच्चार जवळचे, म्हणून शतकानुशतकं शेजारी राहून सॉरोचा ‘ओ’ सॉरीला चिकटला, एवढंच. भाषेत असं शेजारधर्माने खूप काही होतं.

पुण्यात जर्मन शिकणारे पुष्कळ, त्यांच्यासाठी एक गंमत. ‘डांके झेअर’मधला ‘झेअर’, म्हणजे ‘खूप’, हाही याच कुळातला. ‘दुखेपर्यंत’ या अर्थाचं क्रियाविशेषण झिजत झिजत नुसतं ‘खूप’ होऊन बसलं. आपण ‘भयंकर आवडलं’ म्हणतो, तेव्हा त्यात भय किती उरलेलं असतं?

दुखण्यापासून एक फांदी दुसरीकडेही गेली: दयनीय, केविलवाणं, टाकाऊ. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये राजाचा खून करून आलेला मॅकबेथ स्वतःचे रक्ताळलेले हात बघून म्हणतो, ‘धिस इज अ सॉरी साइट’. तो माफी मागत नाही, ‘काय हे केविलवाणं दृश्य’ म्हणतो. हा अर्थ आजही जिवंत आहे. रस्त्यांच्या ‘सॉरी स्टेट’बद्दल इंग्रजी पेपरात वाचता ते तेच, आणि क्रिकेटच्या बातमीत फलंदाज ‘कट अ सॉरी फिगर’ करतात तेही तेच.

आणि एकटा-दुकटा ‘सॉरी!’, पुढेमागे काही नाही, धक्का लागताच तोंडातून निसटणारा? तो मात्र अगदी अलीकडचा, एकोणिसाव्या शतकातला. म्हणजे आपण जो सॉरी उचलला, ते या शब्दाचं सर्वात धाकटं रूप.

हे वाचून ‘इंग्रज कसे भावनेची माफी करून टाकतात’ असं म्हणायच्या आधी आपला ‘दिलगीर’ उलगडून बघा. फारसीत ‘दिल’ म्हणजे मन आणि ‘गीर’ म्हणजे धरलेलं. मन धरून आलेला, उदास, खिन्न. जुन्या मराठीतही दिलगीर म्हणजे खिन्न असाच अर्थ होता. आज मात्र लोकल उशिरा धावत असली की फलाटावर “गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत” ऐकू येतं, आणि त्यात कुणाचं मन धरून आलंय असं आपल्याला क्षणभरही वाटत नाही. ‘खेद’ही तसाच. दूरदर्शनवर ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी यायची, तेव्हा तिकडे कुणी खिन्न होऊन बसलेलं नसायचं. सॉरी गेला त्याच रस्त्याने हे दोघेही गेले.

‘क्षमा’चा रस्ता वेगळा. ‘क्षम्’ म्हणजे सहन करणं. पूजेच्या शेवटी गुरुजी ‘आवाहनं न जानामि’ म्हणत ‘क्षमस्व परमेश्वर’वर येतात, तेव्हा सगळं काम देवाचं असतं: आमचं चुकलंमाकलं तू सोस. सॉरी स्वतःचं दुखणं सांगतो, क्षमा समोरच्याकडे सोसणं मागते. हा फरक पुढे ईमेल लिहिताना कामाला येईल.

पायरी ३: वाक्यात बसवताना

विशेषण आहे हे एकदा डोक्यात बसलं की ‘आय सॉरी’ किंवा ‘ही सॉरीड मी’ अशी वाक्यं आपोआप बंद होतात. ‘आय ॲम सॉरी’ किंवा ‘ही सेड सॉरी’, एवढंच. पुढचा प्रश्न शब्दयोगी अव्ययांचा, आणि लोक खरे फसतात ते इथे.

करून झालेल्या गोष्टीबद्दल बोलायचं तर ‘फॉर’ आणि पुढे ‘इंग’चं रूप: ‘सॉरी फॉर शाउटिंग’, ‘सॉरी फॉर बीइंग लेट’. एखाद्या परिस्थितीबद्दल असेल तर ‘अबाउट’: ‘सॉरी अबाउट द नॉइज’, शेजारी फरशी बसवायचं काम चालू असताना. आणि जे आत्ता करतोय किंवा करणार आहोत त्याला ‘टू’: ‘सॉरी टू डिस्टर्ब यू’ दारातून डोकावताना म्हणायचं, खोलीतून बाहेर पडताना ‘सॉरी फॉर डिस्टर्बिंग यू’. बातमी ऐकून वाईट वाटलं तर ‘सॉरी टू हिअर दॅट’.

आता सापळा. ‘फॉर’च्या पुढे कृती न येता माणूस आला की अर्थ पार उलटतो. ‘आय ॲम सॉरी फॉर यू’ किंवा ‘आय फील सॉरी फॉर यू’ म्हणजे मला तुझी कीव येते. हे मी स्वतः भोगलंय. कॉल सेंटरमधल्या रात्रपाळीच्या काळात एका ग्राहकाचे पैसे दोनदा कापले गेले होते. मी भल्या मनाने ईमेलमध्ये लिहिलं, ‘आय फील रिअली सॉरी फॉर यू’. माझ्या डोक्यात होतं ‘मला तुमच्यासाठी खरंच वाईट वाटतंय’. त्याने वाचलं ‘बिचारा तू’. उत्तर एका ओळीचं आलं: कीव नको, पैसे परत करा. लिहायला हवं होतं ‘आय ॲम सॉरी अबाउट द डबल चार्ज’. वाईट कशाचं वाटतंय तिकडे बोट दाखवायचं, माणसाकडे नाही.

‘यू विल बी सॉरी’ ऐकलंत तर ती धमकी आहे, ‘पस्तावशील’. ‘बेटर सेफ दॅन सॉरी’मध्येही पस्तावाच आहे.

उच्चाराचं थोडक्यात: आपला ‘सॉरी’ ब्रिटिशांच्या जवळचा आहे. अमेरिकेत ते ‘सारी’ म्हणतात, आणि साडीलाही त्यांच्याकडे तोच उच्चार आहे. कॅनडात बऱ्याचदा ‘सोरी’ ऐकू येतं, ते ऐकून उगाच तो ‘सोअर’ आठवतो, इतकंच.

पायरी ४: सॉरी, एक्स्क्यूज मी आणि पार्डन

ढोबळ नियम: धक्का लागण्याआधी ‘एक्स्क्यूज मी’, लागल्यावर ‘सॉरी’. वाट हवी आहे, वेटरचं लक्ष वेधायचंय, अनोळखी माणसाला पत्ता विचारायचाय, तर एक्स्क्यूज मी. ब्रिटनमध्ये मात्र लोक यातल्या निम्म्या ठिकाणी सॉरीच म्हणतात. धक्का तुम्ही मारलात तरी सॉरी तेच म्हणतील. ते ऐकून ‘इट्स ओके’ म्हणत पुढे जाऊ नका, आपणही सॉरी म्हणून टाकायचं. ऐकू आलं नाही तर ‘सॉरी?’ किंवा ‘पार्डन?’ दोन्ही चालतं. ‘व्हॉट?’ हे आपल्या ‘काय?’चं भाषांतर म्हणून तोंडात येतं आणि ऐकायला उर्मट वाटतं. ते टाळा.

पायरी ५: कुणी गेलं असेल तेव्हा

आमच्या त्या सहकाऱ्याची पायरी ही. सांत्वनाला इंग्रजीत ठरलेलं वाक्य आहे: ‘आय ॲम सो सॉरी फॉर युअर लॉस’. इथे ‘फॉर’पुढे माणूस नाही, झालेली हानी आहे, म्हणून कीव होत नाही. याला उत्तर एकच, ‘थँक यू’. मराठी मनाला हे विचित्र वाटतं. वडील गेलेत आणि आभार कसले मानायचे? आपल्याकडे भेटायला आलेला माणूस फारसं बोलत नाही, बसून राहतो, ‘कसं झालं?’ विचारतो, आणि कुणी त्याचे आभार मानत नाही. तिकडे मात्र ‘थँक यू’वर ते बोलणं व्यवस्थित पुरं होतं. ‘इट्स ओके’ म्हटलंत तर दार लावल्यासारखं होतं.

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजांच्या इंग्रजीत ‘सॉरी बिझनेस’ असा शब्द आहे. त्याचा माफीशी संबंध नाही. मृत्यूनंतरचे विधी, सुतक, शोक, हे सगळं म्हणजे सॉरी बिझनेस. शब्दाचा जुना अर्थ इतका स्वच्छ जपलेला दुसरीकडे क्वचितच सापडेल.

पायरी ६: लिहिताना, म्हणजे जबाबदारी किती घ्यायची

लेखी इंग्रजीत तीन शब्द हाताशी असतात: सॉरी, अपॉलोजाइज आणि रिग्रेट. तिघांची वजनं वेगळी आहेत.

‘अपॉलोजी’चा पूर्वेतिहास ऐकण्यासारखा आहे. ग्रीक ‘अपोलोगिया’ म्हणजे आरोपाला दिलेलं उत्तर, बचावाचं भाषण. इसवी सन पूर्व ३९९ मध्ये अथेन्समध्ये सॉक्रेटिसवर खटला चालला. त्यातलं त्याचं भाषण प्लेटोने लिहून ठेवलं, त्याचं नाव ‘अपॉलोजी’. त्यात माफीचा मागमूस नाही. उलट, दोषी ठरल्यावर शिक्षा काय हवी असं विचारलं, तर मला सरकारी खर्चाने जेवण मिळायला हवं, असं तो सुनावतो. चूक कबूल करण्याचा अर्थ इंग्रजीत या शब्दाला सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला. आज मात्र तिघांत सर्वात स्पष्ट कबुली याच शब्दात आहे: चूक माझी, आणि ती मी मान्य करतोय. सॉरी दोन्हीकडे झुकू शकतो. अपॉलोजाइजला तशी पळवाट नाही.

‘रिग्रेट’ सर्वात अंतर राखणारा. जुन्या फ्रेंचमध्ये तो मेलेल्या माणसासाठी विलाप करण्याचा शब्द होता. आज ‘वुई रिग्रेट द इनकन्व्हीनिअन्स’ म्हणजे झालं ते वाईट झालं, कुणी केलं ते विचारू नका.

हा फरक नुसता व्याकरणाचा नाही. जालियनवाला बागेच्या शंभराव्या स्मरणदिनाच्या तीन दिवस आधी, १० एप्रिल २०१९ रोजी, पंतप्रधान थेरेसा मे ब्रिटिश संसदेत ‘डीपली रिग्रेट’ म्हणाल्या. अपॉलोजी म्हणाल्या नाहीत, आणि भारतात लोकांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. ऑस्ट्रेलियात आदिवासी मुलांना सरकारने पिढ्यानपिढ्या घरांतून उचलून नेलं होतं. १९९९ मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी संसदेत मांडलेल्या ठरावात ‘रिग्रेट’ होतं, सॉरी नव्हतं. तो शब्द यायला १३ फेब्रुवारी २००८ उजाडावं लागलं. त्या दिवशी तेव्हाचे पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत पुन्हापुन्हा ‘वुई से सॉरी’ म्हटलं. शोकाला सॉरी म्हणणाऱ्या त्या लोकांच्या कानावर हा शब्द किती भरून पडला असेल, याचा विचार केला की मला त्या दिवसाचा अर्थ जास्त कळतो.

आणि सॉरीच्या दुहेरी अर्थाने एक मोठं भांडणही मिटवलं. १ एप्रिल २००१ रोजी चीनच्या हायनान बेटाजवळ अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान एकमेकांना धडकलं. चिनी वैमानिक गेला, अमेरिकेचे २४ लोक चीनच्या ताब्यात अडकले. अमेरिकेच्या पत्रात दोनदा ‘व्हेरी सॉरी’ आलं. चीनने ती माफी मानली. अमेरिका म्हणत राहिली की आम्ही दुःख व्यक्त केलं, माफी मागितली नाही. दोघांचंही बरोबर होतं, आणि माणसं घरी गेली.

आपल्या रोजच्या ईमेलला एवढी मुत्सद्देगिरी लागत नाही. चूक तुमची असेल तर ‘आय अपॉलोजाइज फॉर द डिले’ लिहा. लक्षात ठेवा, ‘आय अपॉलोजाइज यू’ नाही. ‘मी तुमची माफी मागतो’ याचा साचा तिथे डोकावतो. माणूस लिहायचाच असेल तर ‘टू यू’. सॉरीपुढे ‘बट’ आला की आधीचं सगळं वाहून जातं: ‘सॉरी बट आय वॉज बिझी’. ‘सॉरी इफ यू फेल्ट बॅड’मधला ‘इफ’ त्याहून वाईट, कारण तो दुखावलेल्या माणसावरच संशय घेतो. आपल्या पुढाऱ्यांचं ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो’ आठवा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

मी नव्या मुलांना एक चौकट देतो. पहिल्या वाक्यात काय चुकलं ते नाव घेऊन सांगा: ‘आय ॲम सॉरी आय सेंट यू द राँग फाइल’. दुसऱ्यात काय केलंय: ‘द करेक्ट वन इज अटॅच्ड’. संपलं. ‘एक्स्ट्रीमली सॉरी’, ‘व्हेरी व्हेरी सॉरी’ ही आपली द्विरुक्तीची सवय. मराठीत ‘गरमागरम’ छान लागतं, इंग्रजी ईमेलमध्ये मात्र दोनदा ‘व्हेरी’ आलं की पाल्हाळ वाटतं. आणि चार ओळींत तीनदा सॉरी आला तर वाचणाऱ्यालाच संकोच होतो.

परदेशी ग्राहकांशी कामाचा संबंध असेल तर कायद्याची बाजूही थोडी माहीत असावी. सॉरी म्हटलं म्हणजे दोष कबूल केला, असं कोर्टात धरलं जाईल या भीतीने लोक माफीच मागत नाहीत, म्हणून काही ठिकाणी कायदेच झाले आहेत. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात २००९ पासून दिवाणी दाव्यात माफी ही दोषाची कबुली धरली जात नाही. पण जिथे पैशांचा किंवा कराराचा वाद आहे तिथे आपल्या मनाने ‘अपॉलोजाइज’ लिहू नका, वरच्यांना विचारा.

पायरी ७: मराठीत परत येताना

मराठी बोलताना सॉरी म्हणू नये असं मी म्हणणार नाही, मी स्वतः दिवसातून दहा वेळा म्हणतो. पण तो हलका झालाय. आजीचा चष्मा पायाखाली मोडला आणि नातू नुसतं ‘सॉरी आजी’ म्हणाला, तर तिला ते पोचत नाही. ‘चुकलं माझं’ म्हणाला तर पोचतं. मोठ्यांशी ‘चुकलं’, औपचारिक पत्रात ‘क्षमस्व’, संस्थेच्या निवेदनात ‘दिलगीर’, दारावर ‘माफ करा हं, उशीर झाला’, आणि कुणी गेलं असेल तिथे ‘वाईट वाटलं’. तिथे मराठीतून ‘सॉरी’ म्हणालात तर कानाला खटकेल, कारण आपल्या सॉरीत दुखणं आलेलंच नाही.

काही चुकांना तर आपल्याकडे शब्दच नाही, हात आहे. पाय लागला की त्या माणसाला स्पर्श करून हात छातीला नेतो ना, तो. गेल्या वर्षी लंडनच्या भुयारी रेल्वेत माझा बूट शेजारच्या बाईंच्या पिशवीला लागला. तोंडाने सॉरी म्हणायच्या आत माझा हात पिशवीला लागून छातीकडे गेलाही होता. बाईंनी पिशवी पटकन मांडीवर ओढून घेतली, आणि त्याच मला सॉरी म्हणाल्या.